अकरावा बिल्ला

पेटी माझ्याकडे द्यायचं ठरलं तेव्हा मी घाबरून हसले. घाबरले की मला हसू येतं, आणि समोरच्याला तो होकार वाटतो. लग्न असंच ठरलं होतं. त्यामुळे मी स्पष्ट नाही म्हणायच्या आत ती लोखंडी पेटी, किल्लीसकट, माझ्या मांडीवर आली.

मी झिंडेलफिंगेनला राहते. हे जर्मनीतलं मोटारींच्या कारखान्याचं गाव. आमचे हे त्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या शेडमध्ये मशीनवर काम करतात. इथली बाकीची मराठी मंडळी बहुतेक इंजिनियर. माणसं फार चांगली आहेत. गणपतीत हाक मारतात, दवाखान्यात सोबत येतात. पण कुणी सहज विचारलं, "वहिनी, तुमचं एज्युकेशन कुठं झालं?" की मला आत काहीतरी गॅसवर ठेवल्याचं आठवतं. मी नववी अर्ध्यात सोडली. वडील गेले, आणि शाळेपेक्षा घरात दोन हात जास्त लागत होते. तक्रार नाही. पण अजूनही कुठं आकडे मांडायची वेळ आली की तळहाताला घाम सुटतो.

मी एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरते. या देशाने मला माझ्या नावाचा पगार दिला, आणि त्याच स्वयंपाकघराने दोन मैत्रिणी दिल्या. त्यांची नावं इथं लिहीत नाही. एक टोगो देशातली, लोमे शहराची. तिला मी लोमेवाली म्हणेन. दुसरी घाना देशातली, सीमेलगतच्या गावची, ती घानावाली. नकाशात बघितलं तर दोघींच्या घरांमध्ये अंतर असं नाहीच. लोमे संपतं तिथं सीमा, आणि सीमा ओलांडली की हिचं गाव. दोघींची आईची भाषा एकच. एकीची शाळा फ्रेंचमध्ये झाली, दुसरीची इंग्रजीत, आणि भांडण मात्र आईच्या भाषेत. माझ्याशी बोलायला तिघींची मोडकी जर्मन.

"आमच्यावर पहिल्यांदा या लोकांचं राज्य होतं," लोमेवाली एकदा कांदा चिरता चिरता म्हणाली. "पणजीच्या काळात आमच्याकडे जर्मन मार्क चालायचा. मग फ्रेंच आले, फ्रँक आला. तिच्याकडे इंग्रज आले, पौंड आला. साहेब लोक गेले, तिच्याकडे सेडी झाली. आमचा फ्रँक अजून फ्रान्सकडूनच बांधलेला आहे. पूर्वी त्यांच्या फ्रँकला, आता युरोला."

"बांधलेला तरी आहे," घानावाली म्हणाली. "आमची सेडी सुटलेल्या शेळीसारखी फिरते. सकाळी एक भाव, संध्याकाळी एक."

"म्हणून म्हणते, सगळ्यांचं मिळून एकच चलन पाहिजे."

"येणार आहे ना! नाव पण ठेवलंय, इको. बारसं झालं, बाळाचा पत्ता नाही."

हे बोलणं मी त्यांच्या तोंडून कितीतरी वेळा ऐकलंय. शेजारी देशांनी एकच पैसा करायचा, ही गोष्ट त्यांच्याकडे घराघरात अशी बोलली जाते, जशी आमच्याकडे गावाला येणाऱ्या रेल्वेलाइनची.

आता पेटीकडे येते. झिंडेलफिंगेनला उन्हाळ्यात रस्त्यावर मोठा मेळा भरतो. देशोदेशीची माणसं आपापल्या पदार्थांची दुकानं लावतात. इथं अशा ठिकाणी दुकानात रोख पैसे घेत नाहीत; आधी बिल्ले विकत घ्यायचे आणि मग बिल्ला देऊन खायचं. वेर्टमार्केन म्हणतात त्यांना, प्लास्टिकचे गोल, कॅरमच्या सोंगटीएवढे. आदल्या वर्षी टोगो, घाना, नायजेरिया आणि सेनेगल अशी चार दुकानं शेजारी शेजारी होती आणि प्रत्येकाचे बिल्ले वेगळे. एका जर्मन बाईने घानाचे लाल बिल्ले घेतले आणि तिला मासा हवा होता सेनेगलचा. सेनेगलवाला निळेच घेणार. ती बाई हातात लाल बिल्ले धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली आणि शेवटी शेजारच्या इटालियन दुकानात पैसे देऊन पिझ्झा खाऊन गेली. असं दिवसभर चाललं. संध्याकाळी चौघांकडे अन्न उरलं आणि चौघांची तोंडं चार दिशांना.

म्हणून पुढच्या खेपेला माझ्या दोघी मैत्रिणींनी घरोघरी फिरून सगळ्यांना पटवलं की चार दुकानं, पण बिल्ला एकच, पिवळा. एका युरोला एक. एकाच पेटीतून विकायचा, आणि संध्याकाळी ज्याच्याकडे जितके बिल्ले जमतील तितके युरो त्याने पेटीतून न्यायचे. सेनेगलवाला सगळ्यात शेवटी तयार झाला, तोही अटीवर. "एक वर्ष बघतो. संध्याकाळी माझ्या बिल्ल्यांचा हिशेब चुकला, तर पुढच्या वर्षी माझे निळे परत."

आता पेटीवर कोण बसणार? टोगो नको, म्हणाली घाना. यांना दुसऱ्याच्या हातात पैसा द्यायची सवय. घाना नको, म्हणाली टोगो. यांना नोटा छापायची सवय. नायजेरियाची बाई सगळ्यात मोठं दुकान लावणार, ती बसली तर ती मालकीणच होईल, म्हणून तीही नको. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लोमेवालीला मदत म्हणून केळी सोलत बसले होते.

"ही! हिचं दुकानच नाही."

"मी नववीत शाळा सोडली," मी घाईघाईने म्हणाले.

लोमेवालीने माझ्याकडे बघितलं. "दहापर्यंत येतं ना?"

"येतं."

"गेनाऊ, बरोबर. दहादहाची पाकिटं करायची. तेवढंच काम."

तेव्हा माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांचं माहेर नळदुर्ग. इथं आल्यापासून त्यांची तक्रार एकच, की कामाला हात नाही. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन वाळवतं. म्हणून मेळ्याच्या आदल्या दुपारी मी बिल्ल्यांची पिशवी त्यांच्यासमोर ओतली आणि कागदी पाकिटं ठेवली.

"अहो आई, एकेका पाकिटात दहा घालायचे आणि वरची कड दुमडायची. जमेल?"

"न जमायला काय झालं? लग्नात अक्षतांच्या पुड्या कुणी बांधल्या असतील, तुझ्या मामेसासऱ्यांनी?"

लोमेवालीही मदतीला आली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, मधे मी. ती सांगत होती की तिची आई टोमॅटो विकते, रोज सीमेपलीकडच्या बाजारात जाते. कमरेला दोन पिशव्या बांधते, एकीत फ्रँक, एकीत सेडी. मी हे मराठीत सांगितलं आणि सासूबाईंचे हात थांबले.

"माझ्या वडिलांचेही दोन बटवे होते गं," त्या म्हणाल्या. "घोंगड्या विकायला सोलापूरला जायचे. नळदुर्गात निजामाचं राज्य, सोलापुरात इंग्रजाचं. इकडं हाली रुपया, तिकडं कलदार. मधे करोडगिरीचा नाका. तिथं जकात आणि पुढं सराफाच्या गादीवर बट्टा. हाली देऊन कलदार घेतला की थोडा कापून घ्यायचा, कलदार देऊन हाली घेतला की पुन्हा थोडा. वडील म्हणायचे, घोंगडी विणतो मी आणि तिची कड कातरतो सराफ."

लोमेवालीने विचारलं, "मग? अजून दोन बटवे लागतात?"

"छे! निजाम गेला, हाली बंद झाला, एकच रुपया झाला. मी तेव्हा पाळण्यात होते की काय, एवढी जुनी गोष्ट."

"दुसऱ्या बटव्याचं काय केलं?"

"आमच्या आईने त्यात सुपारी ठेवली."

हे मी जर्मनमध्ये कसंबसं सांगितलं तेव्हा लोमेवाली इतकी खूश झाली की तिने सासूबाईंचा हात हातात घेतला आणि सोडेना. मग आम्ही दोघी केलरमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळघरात, ठेवलेलं लाकडी टेबल आणायला गेलो. परत आलो तेव्हा पाकिटं तयार होती, ओळीने रचलेली. पेटीला सासूबाईंनी हळदीकुंकवाचं बोट लावलं होतं.

मेळ्याच्या दिवशी छान ऊन पडलं. मी टेबलाशी, सासूबाई शेजारी खुर्चीवर, स्वेटर आणि नऊवारी अशा थाटात. लोक यायचे, दहा युरोची नोट द्यायचे, मी पाकीट द्यायचे. एका हाताने घेणं, एका हाताने देणं. पाढे नाहीत, वजाबाकी नाही. चारही दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. जर्मन माणसं टोगोकडून केळ्याची भजी घेऊन नायजेरियाकडे भातासाठी जात होती, पिवळा बिल्ला सगळीकडे चालत होता. मला वाटलं, एवढं सोपं असतं तर मी शाळा सोडून फार काही गमावलं नाही.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ परत आले. टोपी काढून म्हणाले, "माफ करा, यात एक जास्त आहे." आणि टेबलावर एक बिल्ला ठेवला. मी आभार मानले. थोड्या वेळाने एक बाई आली. तिच्याही पाकिटात एक जास्त. मी आपली हसले. तिसरा आल्यावर मात्र मी पेटीचं झाकण लावलं. मी समोरचं एक पाकीट उघडलं आणि बिल्ले टेबलावर मांडले. मग दुसरं उघडलं. मग तिसरं.

"अहो आई, तुम्ही पाकिटात किती घातले?"

"अकरा."

"मी दहा सांगितले होते ना!"

"दहा सांगितलेस, म्हणून तर वर एक घातला," त्या शांतपणे म्हणाल्या. "माणसाच्या हातात असा गोल आकडा देतात का? आहेराला कधी शंभर दिलेत का आपण? एकशे एक देतो. पाहुण्यांना दहा दहा द्यायचे म्हणजे हिशेब मिटवून टाकल्यासारखं. बरं दिसतं का ते?"

दहा-दहा सांगताना मला स्वतःलाच कुठं आठवलं होतं की आपल्याकडे दहा म्हणजे अकरा असतात! पण पेटीत दहाच युरो आले होते आणि दुकानांवर बिल्ले अकरा जात होते. संध्याकाळी प्रत्येकाला बिल्ल्यामागे युरो द्यायचा शब्द होता. तो मोडला की निळे, लाल, हिरवे परत. दोघींनी वर्षभर केलेली मनधरणी वाया. आणि तीही माझ्या टेबलावर, माझ्याच घरच्या माणसाकडून. घरी डब्यात गावी जायच्या तिकिटासाठी साठवलेले पैसे आहेत, ते आणून पेटीत घालावेत आणि गप्प बसावं, असं मनात आलं. उठलेसुद्धा. पण पाय घराकडे न जाता लोमेवालीच्या दुकानाकडे वळले.

तिने ऐकलं, झारा खाली ठेवला आणि बाकीच्या तिघांना दुकानांच्या मागे बोलावलं. मी एका दमात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "कमी पडतील ते मी भरते. आत्ता घरून आणते."

मग घानावाली हसायला लागली. "घरी आमचं सरकार नोटा छापतं, इथं ओमा छापते!" ओमा म्हणजे आजी, तिने सासूबाईंकडे बोट केलं.

"आमच्याकडे निदान पॅरिसला विचारायला लागायचं," लोमेवाली म्हणाली. "ओमाने कुणालाच विचारलं नाही."

"हसा," सेनेगलवाला म्हणाला. "मासा मी उधार आणलाय का? मला बिल्ल्याला युरो पाहिजे. ती भरते म्हणते ना, मग भरू दे."

"नाही," लोमेवाली एकदम कडक झाली. "तिने भरले तर पेटी तिची झाली. खड्डा भरून देणारा मालक होतो. आम्ही हे घरी पुरेसं बघितलंय."

नायजेरियाची बाई पुढे आली. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बरं, मी भरते. माझं दुकान सगळ्यात मोठं आहे. मला फरक पडत नाही."

"आणि पुढच्या वर्षी जागा कुणाला कुठली, ते पण तूच ठरवणार?" घानावाली म्हणाली.

"मी असं म्हटलं का?"

"अजून नाही म्हटलंस."

आवाज चढले. फ्रेंच, इंग्रजी आणि त्यांची आईची भाषा, सगळं एकदम. मला कळत होतं फक्त हातवाऱ्यांतून. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत मागे आल्या. "काय झालं गं? माझ्यावरून भांडतायत का?"

"नाही हो आई. जे कमी पडतील ते कुणी सोसायचे, त्यावरून."

"सगळ्यांनी थोडे थोडे सोसायचे. सराफ काय एकट्याचा बट्टा कापायचा? पण तिथं तो सराफाच्या गल्ल्यात जायचा. इथं कुठं कुणाच्या गल्ल्यात चाललाय? जेवायला आलेल्या माणसांच्या पोटात गेलाय."

मी ते सांगितलं, जर्मनमध्ये जेवढं बसलं तेवढं. अकरा बिल्ल्यांचे दहा युरो, लहान दुकानाला तसंच मोठ्या दुकानाला तसंच. घानावाली म्हणाली, आल्झो, म्हणजे चला तर, हे ठीक आहे. नायजेरियाच्या बाईने मान हलवली. सेनेगलवाल्याने नाही हलवली. तो आपल्या दुकानाकडे निघून गेला, आणि जाताना "पुढच्या वर्षी निळे" एवढं म्हणाला.

लोमेवाली त्याच्या मागे गेली, मी तिच्या मागे. ती त्याला म्हणाली, "जरा बघ. लोकांनी दहा बिल्ल्यांत दोन ताटं खाल्ली आणि एक हातात उरलाय. एका बिल्ल्याला मिळेल असं कुणाकडेच काही नाही. तुझ्याकडे ते लाल सरबत आहे ना?"

"ते दोन बिल्ल्यांना आहे."

"अर्धा ग्लास कर."

तो कुरकुरत राहिला, पण त्याने पाटीवर खडूने नवा भाव लिहिला. सासूबाईंना मी एक अर्धा ग्लास आणून दिला. त्यांनी घोट घेतला आणि डोळे मोठे केले. "अगं, ही तर अंबाडीची बोंडं! हे इथं कसं आलं?" त्या उठल्या आणि त्याच्या दुकानापुढे जाऊन उभ्या राहिल्या, त्याला मराठीत सांगायला लागल्या की आमच्याकडे याच्या पाल्याची भाजी करतात, ज्वारीच्या कण्या घालून. त्याला एक अक्षर कळलं नसणार. पण त्याने त्यांना आणखी एक ग्लास दिला आणि बिल्ला घेतला नाही.

मग जो तो आपला उरलेला बिल्ला घेऊन त्याच्याकडे यायला लागला. काही जणांना अर्ध्या ग्लासाने तहान लागली, ते माझ्याकडे नवीन पाकीट घ्यायला आले. आता मी प्रत्येकाला सांगत होते, "दहा युरोला अकरा." लोक खूश. सगळी पाकिटं संपली. अंधार पडायच्या आत चारही दुकानांची पातेली रिकामी झाली होती.

मग हिशेबाला बसलो. घानावाली ढीग मोजायची, मी पेटीतून नोटा काढायचे. अकरा बिल्ले, दहा युरो. पुन्हा अकरा, दहा. शेवटी पेटीत परत आलेल्या जादा बिल्ल्यांचे तेवढे थोडे युरो उरले. ते त्या टोपीवाल्या म्हाताऱ्यांचे आणि त्यांच्यासारख्यांचे, असं म्हणून आम्ही ते चौघांत वाटले. सेनेगलवाल्याने आपले पैसे दोनदा मोजले. त्याला मनासारखा भाव मिळाला नव्हता, आणि ते त्याने बोलूनही दाखवलं. "बिल्ल्यामागे मला कमीच आले." मग पैसे खिशात ठेवत, "पण गेल्या वर्षी मी मासा घरी परत नेला होता."

एवढ्यावरच उठलो. होकार नाही, नकार नाही. घरी येताना मी सासूबाईंची बॅग धरली होती आणि मनात सारखं येत होतं, आता हा माणूस काय करणार. सासूबाईंनाही कळलं असावं. "माझ्यामुळं तुला त्रास झाला का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही हो." थोडं खोटं होतं, पण थोडंच.

सासूबाई गावी परतल्या. हिवाळा गेला. वसंतात मेळ्याची बैठक घानावालीच्या घरी होती. मी मुद्दाम उशिरा गेले, पेटीचा विषय होऊन जाऊ दे म्हणून. आत गेले तर टेबलावर पिवळ्या बिल्ल्यांची पिशवी होती, आणि पिशवीशेजारी माझी पेटी. कडेला हळदीकुंकवाचा डाग तसाच होता. सेनेगलवाला पाटीचा कागद करत होता. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, दहा युरोला अकरा. ताटांचे भाव त्या हिशेबाने आधीच थोडे वाढवले होते, म्हणजे कुणालाच खोट नको.

"बेनिनवालेही यायचं म्हणतायत," लोमेवाली म्हणाली. "पाचवं दुकान. बस खाली, पाकिटं कर."

"मीच?"

"दुसरं कोण? पण फोन लाव आधी ओमाला."

मी फोन लावला, स्पीकरवर. तिकडे गावात दुपार होती, मागे कोंबड्या ओरडत होत्या. सासूबाईंनी सगळ्यांची चौकशी केली, अंबाडीवाल्याची आधी. मग म्हणाल्या, "तिला विचार गं, तिच्या आईला अजून दोन पिशव्या बांधाव्या लागतात का?"

मी विचारलं. लोमेवालीने एक बिल्ला बोटांत फिरवला. "सांग, अजून दोनच. पण मी आईला सांगून ठेवलंय, दुसरीत काय ठेवायचं ते."

सासूबाई तिकडे मोठ्याने हसल्या. मी पहिलं पाकीट उघडलं आणि अकरा बिल्ले घालून त्याची कड दुमडली.